आधी एसी तपासा : कतारच्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाडी तापते तेव्हा

पेट्रोलची गाडी तापली तर काय करायचं, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. एसी बंद करायचा, हीटर पूर्ण सोडायचा, गाडी बाजूला घेऊन बंद करायची, इंजिन निवेपर्यंत थांबायचं आणि मग रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. मे महिन्यात कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट चढलेल्या माणसाच्या हाताला ही सवयच लागलेली असते. तीच सवय घेऊन आपण दोह्यात इलेक्ट्रिक गाडी चालवतो, आणि पडद्यावर तापमानाचा लाल इशारा आला की हात आपोआप त्याच क्रमानं चालतात. इलेक्ट्रिक गाडीत हा क्रम जवळजवळ उलटा आहे. हीटर लावून बॅटरी निवत नाही, गाडी बंद केली की अनेक मॉडेलांत थंडावा फिरवणारा पंपच थांबतो, आणि नळाचं पाणी घातलं तर हजाराच्या कामाचं दहा हजारांचं होतं.

हा लेख कतारमधल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. पण चंद्रपूर-नागपूरकडे भर उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

थंडावा येतो कुठून

लिथियम-आयन बॅटरीला साधारण २० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. चाळिशी ओलांडून ती रोज तासन्‌तास राहिली, तर तिची साठवणक्षमता लवकर घटते. पन्नाशीच्या आसपास बहुतेक गाड्यांचा संगणक आधी चार्जिंगचा वेग उतरवतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मोटरची ताकदही कमी करतो. आता कतारचा उन्हाळा बघा. जून ते ऑगस्ट दुपारचं तापमान सहज ४० च्या वर असतं. जुलै २०१० मध्ये दोह्यात ५०.४ अंशांची नोंद झाली होती. हे झालं सावलीतल्या हवेचं तापमान. डांबरी रस्ता याहून कितीतरी जास्त तापतो, आणि गाडीची बॅटरी त्या रस्त्यापासून वीतभर उंचीवर असते.

रेडिएटर कितीही मोठा बसवला तरी तो आतल्या द्रवाला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर ४५ अंश असताना बॅटरी ३५ ला आणायची, तर ते काम एसीनंच करावं लागतं. त्यासाठी चिलर नावाचा एक छोटा भाग असतो. बॅटरीखालच्या पोकळ पट्ट्यांतून फिरून गरम झालेलं कूलंट पंपानं चिलरमध्ये येतं. तिथं एसीचा गॅस त्याची उष्णता शोषून घेतो आणि पुढच्या जाळीतल्या कंडेन्सरमधून ती बाहेर टाकतो. कंप्रेसर एकच, त्याच्यावर केबिनही आणि बॅटरीही. एकाच विहिरीवर दोन मळे भिजवावेत तसं हे आहे. विहिरीला पाणी कमी पडलं की दोन्हीकडे ओढ लागते, आणि पाट मध्येच तुंबला तर एकच मळा सुकतो. तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय झालंय हे ओळखणं, म्हणजेच निम्मं निदान.

मोटर, इन्व्हर्टर आणि गाडीतला चार्जर यांचं सर्किट सहसा वेगळं असतं किंवा झडपेनं वेगळं करता येतं. हे भाग ६० अंशांचं कूलंटही सहन करतात, म्हणून त्यांना साधा रेडिएटर पुरतो.

सगळ्या गाड्यांची रचना मात्र अशी नसते. बीवायडीच्या बऱ्याच नव्या मॉडेलांत बॅटरीपाशी कूलंट जातच नाही. एसीचा गॅसच थेट बॅटरीच्या थंड पट्टीतून फिरतो. अशा गाडीत गॅस गळाला म्हणजे बॅटरीचा थंडावाही गेला. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांत तर बॅटरी थंड करणारी यंत्रणाच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात २०१२ च्या सुमारास लीफच्या मालकांनी बॅटरीची क्षमता झपाट्यानं घटल्याच्या तक्रारी केल्या, त्या यामुळेच. जुनी लीफ कुणी स्वस्तात देत असेल, तर कतारमध्ये ती घेऊ नका असं मी स्पष्टच सांगेन. त्या गाडीत दुरुस्त करावं असं काही नाही. हवामानच तिला सोसत नाही.

नेमकी तापते कशानं

सलवा रोडवर ताशी १२० च्या वेगानं गेल्यामुळे बॅटरी तापते, असा अनेकांचा समज असतो. थोडा हिशेब मांडू. बॅटरीतून जाणाऱ्या करंटचा वर्ग गुणिले तिचा अंतर्गत रोध, एवढी उष्णता आत तयार होते. मध्यम आकाराच्या ४०० व्होल्टच्या बॅटरीचा रोध ०.०८ ओहम धरू. हमरस्त्यावर सुमारे ६० ॲम्पिअर लागतात, म्हणजे जेमतेम २८८ वॅट उष्णता. घरी रात्रभर चार्जिंग करताना २० ॲम्पिअर, म्हणजे ३२ वॅट. आणि फास्ट चार्जरवर २५० ॲम्पिअर घेतले तर ५००० वॅट! हमरस्त्यावरच्या सतरापट उष्णता, तीही गाडी उभी असताना, समोरून वारा नसताना, भर दुपारी. चिलरची आणि पंख्याची खरी परीक्षा तिथं होते. म्हणून कूलिंगमधला बिघाड बहुतेक वेळा पहिल्यांदा फास्ट चार्जरवर उघडा पडतो: काल ९० किलोवॅट घेणारी गाडी आज ३० वर अडकते.

पण चार्जिंग मंदावलं म्हणजे बिघाडच, असंही नाही. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की वेग उतरतोच. उन्हात उभा असलेला चार्जरही स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. शेजारच्या गाडीलाही कमी मिळत असेल तर दोष तुमच्या गाडीचा नाही. फास्ट चार्जिंग चालू असताना बॉनेटखालचा पंखा घोंगावणं आणि केबिनची हवा जराशी कोमट होणं, हेही नेहमीचं आहे. गाडी बंद करून उतरल्यावर पंखा पाच-दहा मिनिटं चालू राहिला, तर घाबरू नका.

गाडीखाली साठलेल्या पाण्यानंही लोक धास्तावतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोह्याची हवा इतकी दमट असते की एसीचं पाणी अक्षरशः धारेनं गळतं. पांढरा टिश्यू पेपर त्यावर टेकवा. रंग नाही, वास नाही, बोटाला साध्या पाण्यासारखं लागतं, तर ते एसीचंच. गुलाबी, हिरवा किंवा निळा डाग पडला, बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, तर ते कूलंट. ते लगेच धुऊन टाका. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यामुळे मुलांना आणि मांजरांना त्याचा जास्त धोका.

पहाटेची तपासणी

तपासणीसाठी पहाटेची वेळ निवडा. रात्रभर उभी असलेली, न तापलेली गाडी जे खरं सांगते ते दुपारची गाडी सांगत नाही. एक नियम आधी लक्षात ठेवा: नारिंगी रंगाच्या केबलना आणि त्यांच्या जोडांना हात लावायचा नाही. त्यांतून ४०० व्होल्टचा, काही गाड्यांत ८०० व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. तो एका झटक्यात माणूस मारतो. कंप्रेसरलाही हीच केबल जाते. इथून पुढे घरी करायचं म्हणून जे सांगतो आहे, ते सगळं नारिंगी केबलपासून दूर राहून करण्याचं आहे.

पहिली तपासणी १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीची. अनेकांना ती इथं अप्रस्तुत वाटेल. पण पंप, पंखा, झडपा आणि सगळे सेन्सर तिच्यावर चालतात, आणि आखातातल्या उष्णतेत ती बहुधा दोनेक वर्षांतच दम तोडते. ती अशक्त झाली की पडद्यावर एकाच वेळी पाच-सहा इशारे झळकतात, त्यात कूलिंगचाही असतो. मल्टिमीटर लावून बघा: बराच वेळ बंद असलेल्या गाडीत शिशाच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, आणि गाडी सुरू केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. थंड असताना आकडा १२.२ च्या खाली असेल, तर आधी ती बदला आणि मगच पुढचं बोला. अनेकांचा ‘कूलिंगचा बिघाड’ इथंच संपतो.

मग पुढची जाळी. विजेरी घेऊन बंपरच्या फटींतून आत बघा. जूनच्या शमाल वाऱ्यात उडालेली बारीक धूळ कंडेन्सरच्या पाकळ्यांत बसते, आणि दमट दिवस आले की तिचा चिखल होऊन वाळतो. वरवर जाळी स्वच्छ दिसते. खरा थर कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत असतो. धुताना गाडी बंद आणि थंड हवी. साध्या नळीचं पाणी, शक्य असेल तिथं आतून बाहेरच्या दिशेनं, सावकाश सोडायचं. कार वॉशवाल्याला प्रेशर गन तिथं रोखू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या पाकळ्या वाकल्या की हवा कायमची अडते. जाळीमागे आपोआप उघडझाप होणारी झापडं असतील, तर वाळूमुळे ती अर्धवट अडकली आहेत का तेही बघा. सनैयातल्या, म्हणजे दोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये पुढचा बंपर काढून हे काम करून घेतलं, तर वर्षभर बघावं लागत नाही. कतारमध्ये इलेक्ट्रिक गाडीची म्हणून एकच सर्व्हिस करायची असेल, तर ती हीच.

त्यानंतर कूलंटची पातळी. बाटल्या एकापेक्षा जास्त असू शकतात. मोटरची वेगळी, बॅटरीची वेगळी. पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये हवी. झाकण गरम गाडीत उघडू नका. पातळी खाली असेल तर कूलंट कुठंतरी गेलंय, कारण हे सर्किट बंदिस्त असतं. ते सहसा उडून जात नाही. रबरी नळ्यांच्या जोडांवर वाळलेली रंगीत किंवा पांढरी खपली शोधा. भरायचं झालं तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच कूलंट भरा. काही ह्युंदाई-किया मॉडेलांत कमी विद्युतवाहकतेचं निळं कूलंट असतं. त्यात बाजारातलं हिरवं मिसळलं की त्याचा मूळ उद्देशच संपतो. पाणी मिसळायची वेळ आलीच, तर आयनविरहित पाणीच वापरा. दोह्याच्या नळाला येणारं पाणी समुद्राचं क्षार काढून केलेलं असलं तरी पिण्यासाठी त्यात पुन्हा खनिजं घातलेली असतात, आणि बाटलीबंद पाण्याचंही तेच. ‘पाणी नकोच, नुसतं घट्ट कूलंट भरा, जास्त थंड राहील’ हा सल्लाही चुकीचा. ग्लायकॉलपेक्षा पाणी कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतं. निम्मं-निम्मं मिश्रण असतं ते त्यासाठीच.

आकडे काय सांगतात

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर गाडीच्या संगणकालाच विचारायचं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप बऱ्याच मॉडेलांना चालतं. ‘कार स्कॅनर’ अनेक गाड्या वाचतं. लीफसाठी ‘लीफ स्पाय’ आहे. बॅटरीचं किमान आणि कमाल तापमान, बॅटरीत शिरणाऱ्या कूलंटचं तापमान, पंपाला दिलेला आदेश, कंप्रेसरचा वेग आणि एसीचा दाब, एवढं दिसलं तरी पुरे.

पहाटे गाडी सुरू करताक्षणी बॅटरीतल्या सगळ्या सेन्सरचे आकडे वाचा. बॅटरी चार-पाचशे किलोंची असू शकते, ती रात्रभरात पूर्ण निवत नाही. त्यामुळे आकडे बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश जास्त असतील. पण आपसात ते दोन-तीन अंशांच्या आत हवेत. बाकी सगळे ३४-३५ आणि एकटा ५२ दाखवत असेल, तर बॅटरी तापलेली नाही, सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली आहे. केवळ या वाचनानं महागडी दुरुस्ती टळू शकते, म्हणून ते चुकवू नका.

मग एसी पूर्ण सोडून गाडी तास-दीड तास चालवा किंवा फास्ट चार्जरला लावा, आणि काय गरम होतंय ते बघा. केबिन कोमट आणि बॅटरीही गरम, म्हणजे विहीरच आटली आहे: गॅस कमी, कंप्रेसर मंद, कंडेन्सर तुंबलेला किंवा पंखा बंद. पंखा चालू आहे की नाही, हे कानानंच कळतं. केबिन गारेगार पण बॅटरी मात्र तापतेय, म्हणजे गॅस ठीक आहे. दोष चिलरकडच्या वाटेवर आहे. बॅटरीचे आकडे सामान्य पण इन्व्हर्टर किंवा मोटर गरम, तर रेडिएटर आणि त्या सर्किटचा पंप बघायचा. आणि दोन्ही सामान्य असूनही चार्जिंग तुटत असेल, तर चार्जिंगच्या सॉकेटकडे लक्ष द्या. तिथं धूळ बसून पिना तापतात.

दुसरी शक्यता, म्हणजे केबिन गार आणि बॅटरी गरम, जरा बारकाईनं बघण्यासारखी आहे. समजा बॅटरी ४८ अंशांवर आहे, पंपाला शंभर टक्के आदेश आहे, आणि बॅटरीत शिरणारं कूलंट २० अंश दाखवतंय. इतकं थंड कूलंट मिळत असताना बॅटरी उतरत का नाही? कारण ते कूलंट चिलरपाशी थांबून गार झालंय; ते फिरतच नाही. पंप बंद आहे किंवा नळीत हवा अडकली आहे. याउलट कूलंट ४२ अंशांनी फिरतंय, पण थंड होत नाही, तर चिलरला गॅस मिळत नाही: त्याची प्रसरण झडप अडकली असावी. किंवा कूलंट चिलरऐवजी दुसरीकडे वळवणारी झडप चुकीच्या जागी थांबली आहे. दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की चार भागांपैकी कोणता काढायचा हे कळतं, आणि ‘बघू, एकेक बदलून’ म्हणणाऱ्यापासून तुम्ही वाचता.

हवा अडकण्याचा प्रकार विशेषतः अपघातानंतर किंवा कूलंट बदलल्यानंतर होतो. डॅशबोर्डमागून गुळगुळ असा पाण्याचा आवाज येतो आणि तापमान एकदम वर-खाली होतं. इलेक्ट्रिक गाडीच्या नळ्या लांब आणि आडव्या असतात. वरून कूलंट ओतून हवा आपोआप निघत नाही. ते काम निर्वात पंप लावून, आणि स्कॅनरवरून सर्व झडपा उघडून पंप फिरवत करायचं असतं. ज्या गॅरेजकडे ही दोन साधनं नाहीत, त्यांच्याकडून कूलंट बदलून घेऊ नका.

कोड आला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. पी०ए७ई हा बॅटरी पॅक अति तापल्याचा, पी०ए९३ इन्व्हर्टरच्या कूलिंगचा, आणि पी०एए६ हा उच्च विद्युतदाबाच्या सर्किटचं विद्युतरोधन कमी झाल्याचा. हा तिसरा दिसला तर घरी पुढे काहीही करू नका आणि गाडी चार्जिंगलाही लावू नका. कूलंट बॅटरीच्या आत गेल्याचंही ते लक्षण असू शकतं. चार्जिंग चालू असेल तर चार्जरवरून थांबवून गाडीपासून दूर व्हा.

गॅरेजात काय विचारायचं

सनैयातले एसीचे कारागीर हुशार असतात. वर्षानुवर्षं याच उन्हात त्यांनी हजारो गाड्या गार केल्या आहेत, आणि हिंदीतून त्यांच्याशी मोकळं बोलता येतं. पण इलेक्ट्रिक कंप्रेसरची एक गोष्ट त्यांतल्या अनेकांपर्यंत अजून पोचलेली नाही, आणि तीच सर्वांत महाग पडते. पेट्रोल गाडीच्या कंप्रेसरमध्ये सहसा पीएजी जातीचं तेल असतं. इलेक्ट्रिक गाडीत कंप्रेसरची मोटर त्याच गॅस-तेलात बुडालेली असते आणि तिला उच्च दाबाची वीज असते, म्हणून तेल वीज न वाहणारं हवं. बहुतेक कंपन्या पीओई जातीचं तेल देतात. पीएजीचा थोडासा अंश गेला तरी विद्युतरोधन घसरतं, पी०एए६ येतो आणि गाडी सुरूच होत नाही. तेल बाटलीतूनच जातं असं नाही. आधीच्या गाडीला लावलेल्या मशीनच्या नळीत उरलेलं तेलही पुरतं.

म्हणून गॅरेजात तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय बॉनेट उघडू देऊ नका. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी गॅसचं मशीन किंवा नळ्या वेगळ्या आहेत का? कोणतं तेल घालणार, ते बिलावर लिहून द्याल का? आणि गॅस भरण्याआधी गळती शोधणार का? गॅस आपोआप संपत नाही; गळती न शोधता भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जातो. गळती बुजवणारं रसायन एसीत घालायला साफ नकार द्या. त्यानं चिलरची झडप तुंबते.

उच्च विद्युतदाबाचं सर्किट उघडायचं असेल तर १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, तेवढ्याच क्षमतेचा मीटर आणि उच्च विद्युतदाब तोडणारा सर्व्हिस डिस्कनेक्ट काढून थांबण्याची शिस्त हवी. ही साधनं समोर दिसत नसतील तर गाडी एजन्सीकडे न्या. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. बाहेर उघडलेल्या सर्किटमुळे ती अडचणीत येऊ शकते. गाडी जीसीसी स्पेकची, म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेली आहे की चीन-अमेरिकेतून थेट आणलेली, हे घेण्याआधीच तपासा. थेट आणलेल्या गाडीची वॉरंटी स्थानिक एजन्सी मान्य करेलच असं नाही, आणि तिचा पंखा-कंडेन्सर या हवामानासाठी निवडलेला असेलच, असंही नाही.

रस्त्यात इशारा आला तर

सलवा रोडवर किंवा दुखानच्या वाटेवर ताकद कमी झाल्याचा इशारा आला, तर वेग हळूहळू ८० वर आणा. एसी बंद करू नका. तापमान २५-२६ वर न्या, म्हणजे कंप्रेसरची जास्त ताकद बॅटरीला मिळेल आणि आतली माणसंही सुरक्षित राहतील. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असताना ४५ अंशांत एसी बंद करून बसणं, हे बॅटरी तापण्यापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. पेट्रोल पंपाच्या छताखाली किंवा सावलीत थांबा आणि गाडी चालू स्थितीतच ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतील. तशा गरम गाडीला तिथंच फास्ट चार्जर लावू नका.

बॅटरीतून फुसफुस किंवा फटाक्यासारखा आवाज, पांढरा धूर किंवा रसायनाचा उग्र वास आला तर मात्र सगळे नियम बाजूला. गाडी बंद करा, सगळ्यांना उतरवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब उभे राहा आणि ९९९ ला फोन करा. सामान काढायला परत जाऊ नका.

गाडी उचलून न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारीच रिकव्हरी मागवा. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आधीच तापलेलं सर्किट आणखी बिघडतं. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत मोकळ्या उन्हात कामगारांना काम करायला कतारमध्ये बंदी असते. दुपारी रस्त्यावर कुणाला बोलावून दुरुस्ती करून घेण्याचा आग्रह धरू नका. तोही आपल्यासारखाच घर सोडून आलेला माणूस आहे.

सुट्टीवर जाण्याआधी

शाळांना सुट्टी लागली की जुलै-ऑगस्टमध्ये आपल्यातली बरीच कुटुंबं गावी जातात, आणि गाडी दीड-दोन महिने वर्षातल्या सर्वांत वाईट उन्हात उभी राहते. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी, ही जोडी आयुष्य सर्वांत लवकर कमी करते. निघताना बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीलाही लांबच्या मुक्कामासाठी हेच बरं. जागा तळघरातल्या पार्किंगची किंवा निदान छताखालची शोधा, भाडं पडलं तरी. गाडीवर लक्ष ठेवणारी दूरची ॲप-सुविधा सतत उघडून बघू नका, कारण प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि १२ व्होल्टची बॅटरी खर्च होते. चावी विश्वासू शेजाऱ्याकडे द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास गाडी सुरू करून एसी चालवायला सांगा.

रोजच्या वापरातही चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा आणि फास्ट चार्जर प्रवासापुरता ठेवा. घरी चार्जिंगची सोय असेल तर उन्हाळ्यात गाडी वायरला लावून ठेवा. ज्या मॉडेलांत सोय आहे ती भिंतीतल्या विजेवर बॅटरी थंड ठेवतात. आणि यातलं बाकी काही जमलं नाही, तरी एवढं नक्की पाळा: शंभर टक्के चार्ज केलेली गाडी उघड्या उन्हात सोडून गावी जाऊ नका.